केरबा आणि लाल फीत

काम करणाऱ्यांना कोपरानं बाजूला सारून कुणीतरी कॅमेऱ्यासमोर उभं राहतं, तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. नाव कशाला घ्या?

एका गावात एक भोळा केरबा होता. गावाबाहेर विमानतळ होता. तिथल्या तपासणी पथकात केरबाला नोकरी लागली. दर बुधवारी विमानाची तपासणी. चाकं बघायची, दारं बघायची, वहीत सही करायची. केरबा यायच्या आधीपासून सात वर्षं हेच चाललेलं.

पहिल्या बुधवारी केरबाला चाकापाशी तेलाचा थेंब दिसला. तो बोंबलला, "विमान गळतंय!" प्रवासी चपला टाकून पळाले.

इंजिनिअर देवस्थळी मॅडमनी कपाळाला हात लावला. "केरबा, ओरडायचं नाही. काही दिसलं तर हळूच माझ्या कानात सांगायचं."

"बरं मॅडम."

दुसऱ्या बुधवारी कचऱ्याच्या डब्यानं पेट घेतला. मॅडम फोनवर होत्या. केरबा हात बांधून शेजारी उभा राहिला. फोन संपल्यावर कानात म्हणाला, "मॅडम, डबा पेटलाय. म्हणजे, पेटला होता. आता झाडूही गेला."

"अहो, आग म्हटलं की थांबायचं नाही! सरळ बादली ओतायची!"

"बरं मॅडम."

तिसऱ्या बुधवारी विरोधी पक्षाचे पुढारी आले. त्यांनी कॅमेऱ्यापुढे छाती पिटली. "तपासतात म्हणजे विमान मोडकंच असणार! माझ्या काळजात आग लागलीय, आग!"

केरबानं बादली ओतली.

विमान उभं असताना बाहेरच्या नळ्यांना टोपणं घालतात. ती काढायची विसरू नयेत म्हणून त्यांना लाल फीत लावतात. मॅडम दात आवळून म्हणाल्या, "आता तुमचं काम एकच. लाल फीत दिसली की ती ज्याला असेल ते उड्डाणाआधी काढायचं. एकही राहता कामा नये. चुकलात तर घरी. चिठ्ठी लिहून खिशात ठेवलीय."

केरबाला घरी जायचं नव्हतं. नोकरीचे पेढे बायकोनं गावभर वाटले होते.

चौथ्या बुधवारी मंत्रीसाहेब आले. त्याच विमानानं मुंबईला निघालेले. शिडीवरून गरजले, "माझ्या आदेशानं ही ऐतिहासिक तपासणी मोहीम आजपासून सुरू होत आहे!" मॅडम सात वर्षांची वही काखेत धरून खाली उभ्या. साहेबांच्या छातीवर स्वागताचा बिल्ला. बिल्ल्याला वीतभर लाल फीत.

भाषण संपवून साहेब आत जाऊन बसले. केरबानं सगळी टोपणं काढली. तेवढ्यात विमानाच्या खिडकीतून त्याला आत आणखी एक फीत दिसली. तो धावत वर गेला.

"साहेब, तुम्ही राहिलात."

"कुठं राहिलो?"

"काढायचे राहिलात."

त्यानं साहेबांना काखेत हात घालून उचललं, शिडी उतरवली आणि टोपणांशेजारी नीट उभं केलं. दार लागलं. विमान उडालं.

मॅडमचा हात खिशाकडे गेला. पण कॅमेरे आधी पोचले. "साहेब, तुम्हाला विमानातून काढलं?"

साहेबांनी फेटा सावरला. हसले. "छे छे! त्यात विशेष काय? ही तर नेहमीचीच तपासणी."

नेहमीचीच म्हटल्यावर चूक कसली? मॅडमनी चिठ्ठी फाडली.

नवा झाडू घेऊन उभी असलेली झाडलोटवाली हौसाक्का पुढे आली. "म्हंजे साहेब, आता दर बुधवारी तुमास्नी काढायचं व्हय?"