कुंपणापलीकडे उडालेला रंग

टेकाडावरच्या एका गावात त्र्यंबकराव नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर राहत होते. त्यांच्या अंगणाचं लोखंडी फाटक आणि कठडा पार गंजला होता. मुलगी माहेरपणाला येणार म्हणून त्यांनी तो स्वतःच रंगवायचं ठरवलं आणि हिरव्या स्प्रेचे डबे आणले.

पॉलिश पेपरने गंज घासून, नाकातोंडाला फडकं बांधून ते फवारायला लागले. त्या सकाळी वारा बराच होता. एक डबा संपला, दुसराही संपला, तरी गजांवर जेमतेम पुसट झाक आली. त्यांनी डबा हलवून पाहिला, उलटा करून पाहिला. एवढा रंग गेला कुठे, हे काही केल्या त्यांना समजेना. दुकानदारानेच अर्धे भरलेले डबे दिले असतील, असं पुटपुटत ते आत गेले.

त्याच आठवड्यात शेजारच्या कुमुदताईंच्या पांढऱ्या साड्या इस्त्री होऊन आल्या. घडी उलगडली, तर त्यांवर बारीक हिरवे ठिपके. त्यांनी इस्त्रीवाल्या सोपानला बोलावलं. तो बिचारा चक्रावला. त्याने इस्त्री तपासली, टेबलावरची चादर झटकली, शिंपडायचं पाणीसुद्धा बदललं. हिरवं असं त्याच्याकडे काहीच नव्हतं, पण ते पटवून द्यायचं कसं? कुमुदताईंनी त्याच्याकडे कपडे देणं बंद केलं. त्यांचं पाहून गल्लीतल्या इतरांनीही बंद केलं.

त्र्यंबकरावांनी हे ऐकलं, तेव्हा तेही म्हणाले की सोपान हल्ली निष्काळजी झालाय. मग एकदा कठड्याशी उभे असताना त्यांना कुमुदताईंची कपडे वाळत घालायची दोरी दिसली. तीही हिरवी ठिपक्याठिपक्यांची झाली होती. गजांच्या फटींतून वाऱ्याने रंग कुठे नेला, ते त्यांना आत्ता उमगलं.

त्यांच्यावर कुणाचाच संशय नव्हता. गप्प बसावं की सांगावं, या घोळात त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी ते कुमुदताईंच्या दारात गेले.

“तुमच्या साड्यांवरचा रंग माझ्या डब्यातला आहे. सोपानची काही चूक नाही,” ते म्हणाले.

कुमुदताई चप्पल घालून त्यांच्याबरोबर सोपानकडे निघाल्या. तिथे चार माणसांदेखत त्र्यंबकरावांनी खरं काय ते सांगितलं आणि कुमुदताईंनी सोपानची क्षमा मागितली. हळूहळू गल्लीतले कपडे पुन्हा त्याच्याकडे येऊ लागले.

सोपान मात्र अजून गोंधळलेलाच होता. त्याने विचारलं, “मास्तर, सांगितलंत कशाला? कुणालाच कळलं नसतं.”

“मला कळलं होतं ना,” त्र्यंबकराव म्हणाले.

तात्पर्य एवढंच: आपल्या हातून उडालेला डाग दुसऱ्याच्या नावावर राहू देऊ नये, मग तो कुणाला दिसो वा न दिसो.