दर वितीला एक चूक

विणकरांच्या पेठेतले माग एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. कारखान्यातला यंत्रमाग आणि शेजारच्या खोलीतला नरसूबाईंचा छोटा हातमाग यांच्यात एकच भिंत होती.

यंत्रमाग रोज हिणवायचा, "तुम्ही दोघं दिवसभरात वीतभर विणता, त्यातही एखादा धागा चुकलेला. माझ्या शंभर वारांत एक चूक दाखव."

हातमाग म्हणायचा, "चुकतं खरं. बाई विणताना गाणं म्हणतात. गाणं रंगलं की धागा राहून जातो."

एके दिवशी कारखान्याच्या मालकांनी यंत्रमागाला एक नवा भाग बसवून घेतला. कारागिराला ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला हल्ली हाती विणलेलं कापड हवंय. दर वितीला एक धागा चुकला पाहिजे."

यंत्रमाग नेमाने चुकू लागला. संध्याकाळी तो ऐटीत म्हणाला, "बघ, आता चुकासुद्धा तुझ्यापेक्षा जास्त करतो."

"छान," हातमाग म्हणाला. "आमची आजची चूक बाईंना आत्ताच दिसली. तेवढं उसवून उद्या पुन्हा विणायचं म्हणतायत. म्हणजे ते गाणंही पुन्हा पहिल्यापासून."