येसूने राखलेली अंबाडी

फार फार जुनी गोष्ट. डोंगरमाथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावाला एकच विहीर होती, इतकी खोल की डोकावलं तरी पाणी दिसायचं नाही. पाणी काढायचं ते अंबाडीच्या दोरानं. अंबाडी प्रत्येकाच्या परसात असे. पाल्याची भाजी करायची आणि सालीचा वाख काढून दोर वळायचा, अशी तिथली रीत होती.

एका वर्षी टोळधाड आली आणि सगळी अंबाडी फस्त करून गेली. विहिरीचा दोर जुना, जागोजागी गाठी मारलेला. गावभर धुंडाळून बी मिळालं ते जेमतेम ओंजळभर. ते उगवलं नाही, तर गाव उठलंच म्हणायचं.

गावाचं बी राखायची पाळी त्या वर्षी येसूच्या घराची होती. ऐकून सगळ्यांनी कपाळाला हात लावला. येसू म्हणजे नुसती घाई. चुलीवर भात ठेवला की तिनं सतरांदा झाकण काढलंच म्हणून समजा.

धाकधूक येसूलाही होती. तिनं बी सावलीत वाळवलं. एक दाणा दाताखाली फोडून पाहिला; तो कट्‌कन वाजला, तेव्हा कुठे तिला धीर आला. मग चाळलेल्या कोरड्या राखेत घोळवून तिनं ते मडक्यात भरलं, तोंड शेणमातीनं लिंपलं आणि मडकं चुलीपासून लांब, अंधाऱ्या गार खोलीत शिंक्याला टांगलं.

खरे हाल त्यानंतर सुरू झाले. तिचे हात शिवशिवायचे. बी बरं असेल ना? एवढंसं भोक पाडून बघावं का? असं वाटलं की ती उठून अंगण झाडायला घ्यायची. त्या वर्षी तिच्या अंगणात काडी म्हणून दिसली नाही.

भर उन्हाळ्यात अवकाळी पाऊस कोसळला. हवा ओलसर झाली, घरोघरच्या धान्यात किडे झाले. गाव घाबरलं. पाटील चार माणसं घेऊन येसूच्या दारात आले.

"येसू, मडकं उघड बघू. बी किडलं असंल तर आत्ताच कळू दे."

"न्हाई उघडायची, पाटीलबाबा."

"अगं, एकदाच बघू की."

"मला का बघू वाटत न्हाई? पर कोरडं हाय तवर बी निजलंय. ही वली हवा आत शिरली की ते अवेळी जागं हुईल आन् तिथंच कुजंल."

"आन् पेरल्यावर उगवलं न्हाई तर?"

"तर समद्यांच्या आधी मी गाव सोडीन," असं म्हणून येसू उंबऱ्यात मांडी घालून बसली. ती काही तिथून हलली नाही. पाटील पुटपुटत परत गेले.

पेरणीच्या दिवशी साऱ्या गावासमोर तिनं लिंपण फोडलं. दाणे कोरडे, खडखडीत निघाले. घरोघरी चिमूट चिमूट बी वाटलं गेलं. थोड्याच दिवसांत परसापरसांत कोंब वर आले आणि येसूला रडू आवरेना.

जुना दोर तुटायच्या आत नवा दोर वळून झाला. गावानं तो वाजतगाजत विहिरीवर नेला. पहिली घागर पाटलांनी स्वतः ओढली आणि येसूपुढे धरली. "गाव तुझ्यामुळं राहिलं, पोरी," ते म्हणाले. येसू ओंजळीनं पोटभर पाणी प्यायली, आणि मग बाकीच्यांनी घागरी पुढे केल्या.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: मनापासून जपलेल्या गोष्टीवर भरवसा ठेवून थांबता येणं, हीच खरी राखण.