गारांचा ढग आणि गेरलिंडची कढई

ऱ्हाइन नदीपलीकडच्या दाट रानात एल्डर्नबाख नावाचे गाव होते. संत आल्ड्विन महाराज तिथे येऊन राहिले, तेव्हा गावाचा देव वोडन आणि सरदार हाथुमार. महाराजांकडून बाप्तिस्मा घेण्याचे धाडस एकट्या गेरलिंडने केले. बिचारी विधवा, जवाचे एक शेत एवढाच तिचा संसार!

गारांचा ढग दिसला की टेकडीवर जाऊन ढाली बडवायच्या आणि वोडनला हाका मारून ढगाला पळवायचे, ही गावची रीत. हाथुमारने बजावले होते, "यंदा गारा पडल्या तर त्या हिच्या पापाने. हिला गावाबाहेर काढीन!"

जव निसवले आणि एके दुपारी ढग आलाच. गेरलिंडकडे ढाल कुठली? ती कढईच घेऊन महाराजांकडे धावली.

"महाराज, आता ही बडवली तर पाप लागेल का हो?"

"खुशाल बडव, मुली," महाराज म्हणाले. "रीत तुमचीच राहू दे. हाक मात्र ख्रिस्तप्रभूला मार."

"मग माझ्याच शेतासाठी मागते. धनी आपलं मीठ खाणाऱ्यांनाच सांभाळतो ना!"

महाराज हसले. "तुमच्याकडे माणसं धन्यासाठी मरतात. हा धनी माणसांसाठी मेला. त्याचं मीठ न खाल्लेल्यांसाठीसुद्धा! छळणाऱ्यासाठी आधी मागा, असा त्याचा हुकूम आहे."

गेरलिंडच्या अगदी जिवावर आले, खोटे कशाला सांगा! छळणाऱ्याचे जव वाचवायचे? तरी ती टेकडी चढली.

"बघा रे, खिळ्यांनी ठोकलेल्या देवाची फौज आली!" हाथुमार खदखदून हसला.

इतक्यात गारा सुरू झाल्या, कबुतराच्या अंड्याएवढ्या. ढाली बडवणारे वीर त्याच ढाली डोक्यावर धरून झाडाखाली पळाले. गेरलिंड मात्र उघड्या डोक्याने कढई बडवत राहिली. कपाळ फुटले, रक्त डोळ्यांत उतरले. "प्रभो, हाथुमारचं शेत सांभाळ! सगळ्यांची सांभाळ! माझंही!" महाराज तिच्याशेजारी हात पसरून उभे होते.

आणि काय सांगावी प्रभूची करणी! ढग मधोमध फाटला. रानात गारांचा खच पडला, पण गावाच्या एकाही शेतात जवाचे कणीस मोडले नाही!

हाथुमार झाडाखालून बाहेर आला. त्याने सारे ऐकले होते.

"माझं शेत आधी? अगं बाई, मी तुला हाकलणार होतो!"

"धन्याचा हुकूम होता, सरदार," ती म्हणाली. "माझ्या मनात नव्हतं."

हाथुमारला गहिवरून आले. तो महाराजांच्या पाया पडायला गेला, तर महाराज मागे सरले आणि त्यांनी गेरलिंडकडे बोट दाखवले. कुणापुढे कधी न वाकलेला तो सरदार चिखलात गुडघे टेकून तिच्यापुढे वाकला.