गोडविहिरे नावाचं टिंब

“चोर धरण्यासाठी केलेलं खोटं... ते खोटं धरायचं का, बाबा?”

विचारणारे अच्युत खांबेटे नकाशे काढत आणि छापून विकत. हैदरबाबा माळावरच्या तकियाच्या झोपडीत एकटे राहणारे फकीर.

“कसलं खोटं?” बाबांनी विचारलं.

खांबेट्यांनी मांडीवर नकाशा पसरला.

“हे गोडविहिरे. असं गाव कुठंच नाही. तुमच्या या ओसाड माळावर टिंब मीच दिलं, नावही मीच ठेवलं. दुसऱ्या कुणाच्या नकाशात ते दिसलं, की समजायचं, माझा नकाशा चोरला. परवा एक जण असाच सापडला. कोर्टानं निकाल माझ्या बाजूनं दिला.”

त्यांचा आवाज चढला होता.

“एका टिंबानं कुणाचं काय बिघडतं?”

बाबा पाण्याचा लोटा घेऊन उठले आणि चालू लागले. खांबेटे मागोमाग निघाले.

झाड नाही, झुडूप नाही. बरंच चालल्यावर दगडांची एक रास दिसली. बाबांनी लोटा तिच्यावर हळूहळू रिता केला.

“कुणाची कबर ही?”

“देवीची लस टोचायला आला होता एक पोरगा. सायकलवर, ऐन वैशाखात. गोडविहिऱ्याची वाट विचारली. मी म्हटलं, असं गाव नाही रे इथं. त्यानं हाच नकाशा काढून दाखवला. म्हणाला, ‘छापलेलं आहे, बाबा. आणि तिथली लेकरं राहून गेली तर?’”

“मग...?”

“गेला शोधत. दुसऱ्या दिवशी मला इथं सापडला. बाटलीत थेंब नव्हता. अंगातला सदरा काढून लशीच्या पेटीवर पांघरला होता. पेटीला ऊन लागू नये म्हणून.”

खांबेटे राशीजवळ बसले. हातातला नकाशा त्यांना धरवेना, टाकवेना.

“नाव काय होतं त्याचं?”

“विचारायचं राहिलं.”

वारा सुटला होता.

“मी ते गाव पुसून टाकतो, बाबा,” खांबेटे म्हणाले. “पुढच्या छपाईत ते नसेल.”

बाबांनी मान हलवली.

“पुसू नका, साहेब. आता तिथं माणूस राहतो.”