चिंधूनं चेन सांभाळली

एका गावात एक भोळा भाऊ राहत होता आणि त्याची थोरली बहीण राहत होती. भावाचं नाव चिंधू, बहिणीचं गोजरा. भोळा हे आपलं तोंडावर म्हणायचं. पाठीमागं गाव त्याला काय म्हणायचं, ते लेकरांसमोर सांगण्यासारखं नाही.

आईबाप लवकर गेले. गोजरानं चिंधूला वाढवलं, जेवू घातलं, सदरा उलटा घातला की सुलटा करून दिला. असं करता करता चिंधूला मिशा आल्या. अक्कल मागून येईल म्हणून गोजरा वाट बघत राहिली. ती काही आली नाही.

गोजराला स्थळं यायची. दारात चिंधू दिसायचा. स्थळं पाणी पिऊन उठायची. "भाऊ असा, तर बहीण कशी असंल?" एवढं आपसात बोलायची आणि निघून जायची.

शेवटी एक स्थळ राहिलं. मुलाची आई कोंडाबाई. नवरा नव्हता, घरचा सगळा कारभार तिचा. तिनं सात पोरी बघून सात नाकारल्या होत्या. एकीची भाकरी जाड, एकीचं हसू मोठं. एकीत तर काहीच खोट सापडेना, म्हणून नाकारली. तिचा निरोप आला, 'सोमवारच्या एसटीनं फाट्यावर उतरते. पोरगी बघते. गुडघा धरलाय, चढ चालवत नाही. न्यायला कुणी धाडा.'

हे स्थळ गेलं की पुढं कुणी यायचं नाही, हे गोजराला पक्कं ठाऊक होतं. सोमवारी बाजार, गावातल्या सगळ्या बैलगाड्या तिकडं जाणार. घरात उरली बापाची सायकल. आणि तिची चेन दर दोन दिवसांनी तुटायची.

गोजरा म्हणाली, "चिंध्या, आठ दिवस हायेत. फाट्यावर जा. रज्जाक मिस्त्रीला इचार, चेन का तुटती. तो सांगंल ते ध्यानात ठेव."

ध्यानात ठेवायला चिंधू पटाईत. नडायचं ते पुढंच.

रज्जाकचाचानं चेन हातात घेतली. "अबे, ही तर कोरडी ठणठणीत. कोरडं घासलं की तुटणारच. करकरलं की तेल घाल." त्यानं चेन जोडली, तेल घातलं, उरलेलं तेल बाटलीत दिलं आणि चिंधूला घालवलं.

फाट्यावरून गावाला येताना आधी मोठा चढ लागतो आणि मग थेट गोजराच्या अंगणापर्यंत उतार. चिंधूनं उताराला ब्रेक दाबला. ब्रेक करकरला. चिंधूला मिस्त्रीचं बोलणं आठवलं. तो उतरला, बाटलीतलं उरलेलं तेल दोन्ही ब्रेकच्या रबरांवर ओतलं आणि परत बसला.

अंगणात बाजेवर गोजरानं पाहुणीसाठी कुरडया वाळत घातल्या होत्या. सायकल उतारानं आली, कुंपणातनं आली, बाजेवरनं गेली आणि भिंतीला टेकून थांबली.

"मेल्या! ब्रेकला तेल घालतात?"

"करकरला, आक्का."

"अरे, जे सरकायचं त्याला तेल घालावं. जे धरून ठेवायचं ते कोरडं खडखडीत असावं. कळलं?"

"कळलं." आणि चिंधू विचार करू लागला. चेन काय करते? चकरीचे दाते धरून ठेवते. मग त्यानं चुलीतली राख घेतली, चेनीवरचं तेल खरडून पुसलं आणि वर राख चोळली. चेन अशी कोरडी झाली की हात लावला तर हात पांढरा.

दुसऱ्या दिवशी फाट्याच्या अलीकडंच ती तुटली.

रज्जाकचाचानं राख बघितली आणि काही विचारलं नाही. विचारून काय उत्तर येईल, याची त्याला भीती वाटली असावी. त्यानं चेन रॉकेलनं धुतली, तेल घातलं आणि म्हणाला, "आता ही ताणून ढिली पडलीय, लोंबतेय. ढिली चेन उसळते आणि तुटते. एक कडी काढून टाकलीय. ढिलं लोंबताना दिसलं की तोडून कमी करायचं."

चिंधू मान हलवत घरी आला. वाटेत त्यांची विहीर. रहाटाशी दोर ढिला पडलेला, चांगली सहा वेटोळी. चिंधूला वाईट वाटलं. एवढा ढिला दोर आणि कुणाचं लक्ष नाही! त्यानं विळा आणून सहाच्या सहा वेटोळी तोडून टाकली.

तिन्हीसांजेला गोजरा पाण्याला गेली. पोहरा सोडला. पोहरा विहिरीत निम्म्यावर जाऊन लोंबकळत राहिला. खाली पाणी, वर पोहरा, काठावर गोजरा.

"चिंध्या, दोर कुणी तोडला?"

"मी. ढिला होता."

"अरे, पाणी खाली असतंय, दोर ढिलाच लागतो! कमी करून चालत न्हाई. हात दोन हात जादाच असू द्यावं!"

"जादा," चिंधू म्हणाला. त्यानं ते ध्यानात ठेवलं. मिस्त्रीच्या दुकानामागं मोडक्या चेनींचा ढीग होता. त्यातली दोन हात चेन उचलून त्यानं आपल्या चेनीला तारेनं जोडली. चेन रस्त्यावर लोळू लागली. चिंधू खूश. पायडल मारलं तशी ती मागच्या चाकात गुंडाळली, तीन जागी तुटली, आणि चिंधू निवडुंगात.

चेन जोडून झाल्यावर काटे काढून देता देता रज्जाकचाचा म्हणाला, "बावा, ऐक. जादा न्हाई, कमी न्हाई. दोन बोटांची ढील. ही बघ, दोन बोटं. एवढी फट ठेवायची, म्हंजे काही तुटत न्हाई."

"दोन बोटं," चिंधू म्हणाला आणि वाटभर दोन बोटं वर धरूनच सायकल हाकत आला.

घरी गोजरानं पाहुणीसाठी तुपाचा गडवा भरून फडताळात ठेवला होता. ती शेजारी पीठ आणायला निघाली. "चिंध्या, फडताळाचं दार लाव रे." चिंधूनं दार लावलं, मधे दोन बोटं घालून फट मोजली आणि निवांत बसला. दाराला काही झालं नाही. तूप मांजरानं खाल्लं. चिंधू समोरच बसला होता.

"अरे, मांजर दिसलं न्हाई तुला?"

"दिसलं की. पण तू मांजराचं काय सांगितलं न्हाईस."

गोजरानं कपाळाला हात लावला. "बंद म्हंजे बंद! कशालाच फट ठेवायची न्हाई. शेणमातीनं लिंपून टाक एक वेळ, पण फट ठेवू नको!"

आता पुढचं तुम्हाला कळलंच असेल. त्याच्याइतके तुम्ही डोक्यानं गेलेले नाही. चेनीला तर कडीकडीत फट. चिंधूनं पाटीभर शेणमाती कालवली आणि सगळी चेन, दोन्ही चकऱ्या लिंपून गुळगुळीत केल्या. रात्रीत ते वाळलं. सकाळी चिंधूनं सगळा भार घालून पायडल दाबलं आणि चेन कट्‌कन तुटली.

रविवार उजाडला होता. रज्जाकचाचानं छिन्नीनं शेणमाती फोडली. फोडताना त्यानं दोनदा आकाशाकडं बघितलं. मग नवी कोरी चेन घातली आणि चिंधूचे दोन्ही खांदे धरले.

"आता कुणाचं ऐकू नको. घरात कशाला हात लावू नको. फक्त सायकल! तू चढाला उभं राहून जोर मारतोस, त्यात मागं ओझं असलं की चेन तुटते. चढ आला की आधी ओझं उतरव. मग सायकल हातानं ढकलत ने. फक्त सायकलीचं सांगतोय. काय?"

"चढ आला की ओझं उतरवायचं, सायकल ढकलायची."

"शाबास," रज्जाकचाचा म्हणाला. बिचारा.

सोमवारी सकाळी गोजरानं चिंधूला सुलटा सदरा घातला आणि बजावलं, "मावशींच्या तोंडी लागायचं न्हाई. त्या काय बी म्हणू देत, मान खाली घालून 'व्हय' म्हणायचं."

एसटी आली. कोंडाबाई उतरली. चिंधूनं तिला कॅरियरवर बसवलं आणि नीट, अगदी नीट, चढाच्या पायथ्यापर्यंत आणलं. चेन तुटली नाही. पायथ्याशी तो थांबला आणि मावशींना उतरवून लिंबाखाली उभं केलं.

"काय रे, चढ आला म्हणून उतरवलंस व्हय?"

"व्हय."

"मग मी काय इथंच थांबू?"

"व्हय."

"आणि तू चाललास?"

"व्हय."

"अरे मुडद्या, मी काय गव्हाचं पोतं हाय?"

"व्हय," चिंधू मान खाली घालून म्हणाला आणि सायकल ढकलत चढ चढून गेला.

उतारानं तो अंगणात आला तो हसतच. "आक्का, चेन तुटली न्हाई!"

गोजरानं कॅरियरकडं बघितलं. "मावशी कुठायत?"

"चढाखाली. सावलीत उतरवल्यात."

"आणि परत आणायला गेला न्हाईस?"

"मिस्त्रीनं उतरवायचंच सांगितलं. परत घ्यायचं काय बोललाच न्हाई."

गोजरा रडली नाही. रडायला वेळ नव्हता. तिनं पाण्याचा तांब्या घेतला, सायकल हिसकावली, पदर खोचला आणि चढ ओलांडून खाली धावली. कोंडाबाई लिंबाखाली दगडावर बसली होती. चेहरा असा की लिंबाची पानं गळावीत. गोजरानं पाणी दिलं. तिला कॅरियरवर बसवलं आणि हँडल धरून सायकल चढावर ढकलू लागली. अर्ध्यावर कोंडाबाईनं तोंड उघडलं.

"तो तुझा सख्खा भाऊ?"

"व्हय, मावशी."

"कधीपासनं सांभाळतीस?"

"आई गेल्यापासनं. अठरा वर्षं झाली."

"आणि तुझं डोकं अजून जाग्यावर हाय?"

"आज सकाळपर्यंत होतं."

कोंडाबाई फसकन हसली. सात घरं हिंडली, पण ती कुठं हसली नव्हती. "ऐक पोरी. मला तीन ल्योक. थोरल्याला सांगितलेलं कळत न्हाई. मधल्याला कळतं, पण तो उलटं करतो. धाकटा नीट करतो, पण काय करायला निघालो तेच इसरतो. तुला बघायला आले ती या धाकट्यासाठी. तिघांत तोच बरा. भाकरी काय, कुणी बी थापतंय. मी थकले. मला तुझ्यासारखी पाहिजे. ठरलं म्हण."

गोजरा चढ चढता चढताच म्हणाली, "ठरलं. पण भावाला इथं एकटा टाकणार न्हाई."

"टाकू नको. टाकलास तर गाव पेटवंल. घेऊन ये, तिघांत चौथा."

वैशाखात लग्न लागलं. पहिल्याच दिवशी कोंडाबाईनं घराच्या किल्ल्या गोजराच्या कमरेला खोचल्या आणि नवरा गेल्यापासनं पहिल्यांदा दुपारची झोप काढली. धाकटा गोजराला जपायचा, आठवण राहील तेव्हा. घरात दूधदुभतं होतं, कशाला कमी नव्हतं.

आणि चिंधूचं तर त्या घरात सोनं झालं. महिन्याभरात काही अडलं की तिघं भाऊ म्हणायचे, "थांबा, चिंधूदादाला विचारू. शहाणा माणूस हाय."