ओट्याचा ढाळ

"चाचा, सीट वर घेऊ का खाली? एकच सांगा."

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत होते. एक तार कसायची, चाक फिरवायचं, बघायचं.

"काल काय केलंस?"

"वर घेतली. दोन मिलिमीटर."

"परवा?"

"खाली घेतली होती."

"मग आज काय राहिलं?"

मी त्यांच्या सायकल दुकानातल्या बाकड्यावर पेपर वाचत होतो. पोस्टातून रिटायर झाल्यापासून सकाळी माझा मुक्काम तिथंच. मिरजेत पस्तीस वर्षं टपाल वाटलं ते चाचांच्या हातच्या सायकलीवर. त्यामुळं बाकड्यावर माझा हक्क आहे आणि मध्ये बोलायचाही आहे, असं मी समजतो.

विचारत होता तो हर्षद गवंडी, चाचांचा चेला; वडील, आबा, कामानंही गवंडीच. सायकल शर्यतीत जिल्ह्यात दोनदा पहिला आलेला. जुनी सायकल चाचांनीच जोडून दिली होती. पाच वर्षांत त्यानं तिच्या सीटला बोट लावलं नव्हतं.

अकरा दिवसांपूर्वी नवी रेसिंग सायकल आली आणि पोराची झोप उडाली. सीट, हँडल, गिअर, परत सीट. खिशात नट कसायची एलन की, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये कुणीतरी परदेशी माणूस गुडघ्याचा कोन मोजतोय.

"जुन्या सायकलवर बेडगला जाऊन यायला अडतीस मिनिटं लागायची," हर्षद म्हणाला. "नवीवर चाळीस! चाचा, रविवारी राज्याच्या संघाची निवड आहे. पुढच्या वर्षी वय बसत नाही माझं."

"ठाऊक आहे."

"आबा म्हणालेत, रविवारी जमलं तर जमलं. नाहीतर सोमवारी थापी घेऊन कामावर यायचं."

"ते पण ठाऊक आहे."

"मग तुम्ही इतके गार कसे बसता हो?"

चाचांनी चाक फिरवलं...

मला राहवलं नाही. "अरे, एक पाय जमिनीवर ठेव की! मघापासून नुसता नाचतोयस."

"काका, तुम्हाला नाही कळायचं. हे सगळं शास्त्र आहे. सीट अगदी सपाट पाहिजे. तिचं पुढचं नाक सूतभर वर गेलं तरी कंबर धरते. माझी धरते रोज."

चाचांचा हात थांबला.

"सपाट आहे हे कशावरून ठरवतोस?"

आता हर्षद खुलला. पाठीमागच्या खिशातून त्यानं आबांची पाणसळ काढली. गवंडी भिंत बांधताना लावतात ती, मधल्या काचेच्या नळीत बुडबुडा असलेली.

"रोज सकाळी सायकल स्टँडला लावतो. ही सीटवर ठेवतो. बुडबुडा मधोमध येईपर्यंत सोडत नाही. केसाचा फरक चालवून घेत नाही मी."

"सायकल कुठं उभी करतोस?"

"घरच्या ओट्यावर."

"ओटा कुणी केला?"

"आबांनी! दुसरं कोण करणार?"

"पावसात पाणी साचतं काय रे त्यावर?"

"आबांच्या हातच्या ओट्यावर पाणी साचेल?" पोराला रागच आला. "सगळ्या गल्लीत विचारा. असा ढाळ दिलाय की तांब्याभर ओता, सरळ गटाराला..."

त्यानं हातातल्या पाणसळीकडं बघितलं.



मी पेपर तोंडावर धरून खो खो हसलो. गवंड्याचं पोर आणि ढाळ विसरलं! अकरा दिवस उतारावर सायकल उभी करून सीट सपाट करत होता गडी.

कान लाल झाले त्याचे. पण गप्प बसेल तर तो हर्षद कसला!

"म्हणजे चूक सापडली! चाचा, आता सपाट जागेवर लावतो. पाच मिनिटांचं काम."

"की दे इकडं," चाचा म्हणाले.

चाचांनी त्याला सीटवर बसवलं. "भिंत धर. टाच पेडलवर. पाय सोड." सीट थोडी वर घेतली. मग तिच्यावर तळहात ठेवला, नाक जरासं दाबलं, नट कसला. एलन की स्वतःच्या खिशात टाकली.

"झालं."

"झालं? मोजलं कुठं तुम्ही?"

"झालं म्हटलं ना."

"चाचा, असं नका करू! रविवार तीन दिवसांवर आलाय. एकदा पाणसळ लावून बघू द्या. माझ्या जिवाला घोर आहे हो."

चाचांनी त्याच्याकडं नीट बघितलं. पोराचे डोळे ओढले होते. मला हसू आलं होतं तेही गेलं.

"बरं," चाचा म्हणाले. "सायकल घे, पाणसळ घे. रस्त्यावर सपाट जागा शोध. बुडबुडा मधोमध थांबला की परत ये. की देतो."

"रस्त्यावर? हे काय, चौकात मिळेल!"

गेला.

पाव तास झाला, अर्धा झाला. मी दोनदा चहा घेतला. चाचांनी ते चाक संपवून दुसरं घेतलं.

"आज काही तो येत नाही," मी म्हणालो. "रुसला बहुतेक."

चाचांनी तार कसली, चाक फिरवलं.

दीड तासानं आला. घामानं निथळत होता, गुडघ्यांना धूळ. पाणसळही धुळीनं भरली होती.

"सापडली?"

"नाही!" तो धापा टाकत म्हणाला. "चौकात नाही. स्टेशनजवळ नाही. बेडग रोडला एक जागा अगदी सपाट दिसली. उतरलो, रस्त्यावर लावली, तर बुडबुडा पळाला बाजूला. पुढं गेलो. तिथं पळाला दुसऱ्या बाजूला. एक ट्रकवाला शिव्या घालून गेला. असा सगळा रस्ताच वाकडा आहे, चाचा!"

"कुठवर गेलास?"

"आरगच्या पुढं."

"येताना?"

"येताना घाई केली. म्हटलं, तुम्ही दुकान बंद करून जेवायला जाल."

मी पेपर खाली ठेवला. आरग म्हणजे बेडगच्याही पलीकडं.

"आणि सीट?" चाचांनी विचारलं.

"सीट?"

"कंबर धरली?"

हर्षदनं कमरेवर हात नेला. मग सायकलकडं बघितलं.

"...लक्षातच नाही आलं."

चाचांनी चाक फिरवलं. मी पेपर परत तोंडापुढं धरला. आणि मला गप्प बसणं किती जड जातं ते मिरजेला माहीत आहे.

 मग हर्षदचा पाय हलायला लागला. हात पुढं आला.

"चाचा, की द्या ना. सीटला नाही लावत, शप्पथ. हँडल नुसतं अर्धा..."

चाचांनी त्याचा पुढं आलेला हात धरला, वळवला आणि त्यात ती धुळीची पाणसळ ठेवली.

"ही आबांना नेऊन दे. घर एका जागी उभं असतं, सायकल नाही."